माणसाचा जीव पवित्र म्हणजे नक्की काय? ख्रिस्ती माणूस याकडे कसं बघतो

आमची आजी शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. डिमेन्शिया. आधी आमची नावं गेली, मग नाती गेली, मग स्वतःचं नावही गेलं, आणि शेवटी शेवटी तर चमचा ओठाला लावला की तोंड उघडायचं असतं हे पण तिला आठवण करून द्यावं लागायचं. आत्या मात्र रोज सकाळी तिला खुर्चीत बसवून केस विंचरायची आणि मधोमध सरळ भांग पाडायची, कारण आजीला जन्मभर भांग सरळच लागायचा. एकदा माझा मोठा चुलत भाऊ आला होता, तो दारात उभा राहून बराच वेळ हे बघत होता, आणि बाहेर आल्यावर हळूच मला म्हणाला, "खरं सांग, आता हिच्यात आजी राहिलीये कुठे? आपण सांभाळतोय कुणाला?"

दादा वाईट माणूस नाहीये हे आधीच सांगते. आणि हा प्रश्न मला पण रात्री उशाशी बसून छळायचाच, फक्त मी तो तोंडाने बोलले नव्हते. लहानपणापासून दर रविवारी उपासनेला बसलेली मी, "जीवन पवित्र आहे" हे हजारदा ऐकलेलं, पण दादाला द्यायला एक धड वाक्य सुचेना. मग वाचायला लागले, आमच्या पाळकांचं डोकं खाल्लं, एका फादरांना पण गाठलं, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. थिऑलॉजी वगैरे मी शिकलेली नाही, त्यामुळे जे मला समजलं तेवढंच आणि मला समजलं तसंच.

तर पहिली गंमत अशी की "मानवी जीवन पवित्र आहे" हे वाक्य असंच्या असं बायबलमध्ये सापडतच नाही. मी शोधलं. कल्पना पानोपानी आहे पण वाक्य नाही. दुसरं म्हणजे 'पवित्र' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्वच्छ, शुद्ध, सोवळं असं काहीतरी येतं. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, हिब्रू शब्द आहे 'कादोश', आणि त्याचा मूळ रोख आहे वेगळं काढून देवासाठी ठेवलेलं. म्हणजे मंदिरातलं एखादं भांडं पवित्र असायचं ते त्याच्या धातूमुळे नव्हे, ते कुणाच्या मालकीचं आहे त्यामुळे. इथेच माझं निम्मं कोडं सुटलं, कारण जीव पवित्र म्हणताना तो जीव किती चांगला, किती हुशार, किती कामाचा हे विचारलेलंच नसतं, विचारलेलं असतं की हा कुणाचा.

कुणाचा, याचं उत्तर बायबलच्या पहिल्याच पानावर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण करतो, नर आणि नारी दोघांनाही. आपण हे इतकं ऐकलंय की त्यातली ठिणगी विझून गेलीये. पण ज्या जगात हे लिहिलं गेलं तिथलं चित्र बघा. त्या काळी 'देवाची प्रतिमा' ही पदवी राजाची असायची. तुतनखामुन हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, त्या नावाचा अर्थच आहे 'आमून देवाची जिवंत प्रतिमा'. बाकीची प्रजा? ती कुणाचीच प्रतिमा नाही, ती विटा वाहणारी आणि शेतात राबणारी. आणि अशा जगात एक छोटीशी जमात म्हणते की प्रतिमा फक्त राजा नाही, माणूस म्हणून जो जन्मला तो प्रत्येक, आणि बाई पण. मला तरी हे वाचताना पहिल्यांदाच कळलं की हे वाक्य किती धाडसी होतं.

आता प्रतिरूप म्हणजे नक्की काय यावर विद्वानांचं शतकानुशतकं चाललंय. ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस या जुन्या काळच्या मोठ्या ख्रिस्ती विचारवंतांनी भर दिला मनावर, बुद्धीवर. माणूस विचार करतो, देवाला ओळखू शकतो, म्हणून तो प्रतिरूप. ऐकायला छान, पण मी दचकले. बुद्धी हेच प्रतिरूप असेल तर माझी आजी यातून बाहेरच पडली की. (अक्वायनसने स्वतः असं म्हटलेलं नाही हां, त्याच्या मते ती क्षमता माणसाच्या स्वभावातच आहे, वापरता येवो न येवो. पण त्याचा धागा पकडून लोक भलतीकडे जाऊ शकतात.) विसाव्या शतकात कार्ल बार्थसारख्या धर्मपंडितांनी म्हटलं की प्रतिरूप म्हणजे नातं, देवाशी आणि एकमेकांशी. आणि जुन्या कराराचे बरेच अभ्यासक आज म्हणतात की मूळ हिब्रू शब्द 'त्सेलेम' हा पुतळ्यासाठी पण वापरला जातो, राजे लांबच्या प्रांतात आपला पुतळा उभारायचे की बाबांनो इथे सत्ता कुणाची आहे ते बघा, तसा माणूस हा देवाने पृथ्वीवर ठेवलेला त्याचा पुतळा.

मला ही पुतळ्याची गोष्टच पटली. पुतळ्याचं नाक झिजलं, हात तुटला, खाली कोरलेलं नाव पुसलं गेलं, तरी तो त्या राजाचाच पुतळा असतो ना.

यावरून एक खरी घडलेली हकिगत. इसवी सन ३८७, अँटिओक शहर, आजच्या तुर्कस्तानात. सम्राट थिओडोशियसने नवा कर लावला, लोक भडकले, दंगल झाली आणि जमावाने सम्राटाचे आणि त्याच्या घरच्यांचे ब्राँझचे पुतळे पाडून रस्त्यातून फरफटत नेले. पुतळ्याचा अपमान म्हणजे थेट सम्राटाचा अपमान. शहर भीतीने गारठलं, म्हातारे बिशप फ्लेव्हियन माफी मागायला राजधानीकडे निघाले, आणि इकडे सम्राटाचे अधिकारी शिक्षा ठरवायला येऊन दाखल. तेव्हा मॅसिडोनियस नावाचा एक साधू डोंगरावरून खाली उतरला. अक्षरशत्रू माणूस, कधी शाळेचं तोंड न पाहिलेला. त्याने भर रस्त्यात त्या अधिकाऱ्यांना थांबवलं आणि जे सांगितलं ते इतिहासकार थिओडोरेटने लिहून ठेवलंय. मतलब असा, की सम्राटाला सांगा, तू पण माणूसच आहेस, ब्राँझच्या प्रतिमांसाठी तू देवाच्या प्रतिमा मोडायला निघालायस, आम्ही ब्राँझचे पुतळे परत ओतून देऊ, पण तू ज्यांना मारशील त्यांच्या डोक्यावरचा एक केस तरी तुला परत बनवता येईल का? शेवटी सम्राटाने शहराला माफ केलं.

एक केस! हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आत्याच्या हातातली फणी आली, दुसरं काही नाही.

पुढे जाते. मालक देव असेल तर जीव घेण्याचा हक्क आपल्याला नाही, हे ओघाने आलंच. दहा आज्ञांमध्ये "खून करू नको" आहे. तिथला हिब्रू शब्द कुठलंही मारणं या अर्थाचा नाही, बेकायदा, निष्पापाचा जीव घेणं असा त्याचा रोख आहे, आणि आपल्या मराठी बायबलने 'खून' हा नेमका शब्द घेतलाय. पण आज्ञेच्याही आधी काइन आणि हाबेलची गोष्ट आहे. भावाने भावाला शेतात नेऊन मारलं, देव विचारतो तुझा भाऊ कुठे आहे, तर हा म्हणतो मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे का. ही गोष्ट सगळ्यांना इथपर्यंतच आठवते. पुढचा भाग मात्र लोक विसरतात. काइन घाबरतो की आता मला कुणीही ठार करेल, आणि देव काय करतो, तर त्याच्यावर खूण करतो, की याला कुणी मारायचं नाही. खुन्याच्या जिवाला पण संरक्षण! नंतर नोहाला मात्र देव सांगतो की जो माणसाचं रक्त पाडेल त्याचं रक्त माणसाकडून पाडलं जाईल, आणि कारण काय दिलंय, तर माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणून. एकाच पुस्तकात या दोन्ही गोष्टी आहेत. फाशीच्या शिक्षेवर ख्रिस्ती लोक आजही भांडतात ते उगाच नाही.

येशूने तर ही आज्ञा आणखीच आत नेली. नुसता खून नाही, भावावर रागावणारा, त्याला 'मूर्ख' म्हणणारा सुद्धा न्यायाला पात्र. याकोबाच्या पत्रात पण तेच, ज्या जिभेने देवाची स्तुती करायची त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप द्यायचा हे बरं नव्हे. हे वाचून मी आमच्या फॅमिली ग्रुपवरचे माझे स्वतःचेच जुने मेसेज आठवले आणि पान उलटलं.

आणि ते कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नाण्याचं. येशूला अडकवायला लोक विचारतात की कर द्यावा की न द्यावा, तो नाणं मागवतो आणि विचारतो, यावर प्रतिमा कुणाची? कैसराची. मग कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला. टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने यातून बरोबर मुद्दा उचललाय की नाण्यावर कैसराची प्रतिमा म्हणून नाणं त्याचं, मग माणसावर कुणाची प्रतिमा आहे? म्हणजे कुठल्याही सरकारला माणूस पूर्णपणे मागता येत नाही, पैसे माग बाबा, माणूस नको मागू.

हे सगळं बोलायला सोपं, पण पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे कुठे लागू केलं ते बघायला हवं, कारण रोमन जगात नको असलेलं बाळ उकिरड्यावर नाहीतर रस्त्याकडेला टाकून देणं हे सर्रास चालायचं आणि कायद्यालाही चालायचं. इजिप्तच्या वाळूत एक पत्र सापडलंय, इसवी सनपूर्व १ मधलं. हिलॅरिऑन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलाय आणि गरोदर बायकोला, अ‍ॅलिसला, लिहितोय. मोठं प्रेमळ पत्र आहे, काळजी करू नको, मुलाची काळजी घे, पगार मिळाला की लगेच पाठवतो, मी तुला कसा विसरेन. आणि त्याच दमात, बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. मला या पत्राची भीती वाटते ती यामुळे, की लिहिणारा राक्षस नाहीये, चांगला नवरा आहे. त्याच्या जगात ती मुलगी अजून 'कुणी' झालेलीच नव्हती.

पहिल्या शतकाच्या शेवटाकडे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली 'दिदाखे' नावाची एक ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की गर्भपात करू नको आणि जन्मलेल्या बाळाला मारू नको. नुसतं सांगून थांबले नाहीत, टाकलेली बाळं उचलून आणून वाढवणारे ख्रिस्ती लोक होते. बाळाला मारणं हा मोठा गुन्हा आहे असा रोमन कायदा यायला मात्र ३७४ साल उजाडलं. कायदे असे हळूहळूच बदलले, कधीकधी तर हसू येईल असे. ३१५-१६ च्या सुमाराला सम्राट कॉन्स्टंटाईनने हुकूम काढला की गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर डाग द्यायचा नाही, कारण चेहरा हा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपाचा असतो. मग डाग द्यायचा कुठे? हातावर आणि पोटरीवर. म्हणजे प्रतिमा मानेपर्यंतच!

त्याच चौथ्या शतकात, ३७० च्या आसपास, बेसिल नावाच्या बिशपने कैसरिया गावाबाहेर गरीब आणि आजाऱ्यांसाठी मोठी वसाहतच उभी केली, डॉक्टर, नर्सा, प्रवाशांना राहायला जागा आणि मुख्य म्हणजे कुष्ठरोग्यांची सोय. त्याचा मित्र ग्रेगरीने लिहिलंय की बेसिल कुष्ठरोग्यांना भाऊ म्हणून मिठीत घ्यायचा. आज आपण ज्याला हॉस्पिटल म्हणतो त्याच्या अगदी सुरुवातीच्या पूर्वजांमध्ये ही जागा मोजतात.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न एकदा एका अख्ख्या सरकारने विचारला होता. नाझी जर्मनीत मतिमंद, मनोरुग्ण, अपंग माणसांना गुपचूप मारायची योजना होती, नंतर तिला टी-४ म्हणायला लागले. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार माणसं गॅसने मारली. कारण काय, तर हे 'उत्पादक' नाहीत, जगायला लायक नाहीत, उगाच खर्च. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन चर्चमध्ये उभे राहिले आणि भर उपदेशात हे उघड बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं. जो उत्पादक नाही त्याला मारता येतं हे एकदा मान्य केलं की आपण सगळेच म्हातारे होणार आहोत, लढाईतून अपंग होऊन येणारे सैनिक आहेत, मग कुणाची खैर आहे? उपदेशाच्या प्रती हातोहात फिरल्या. तीन आठवड्यांनी योजना अधिकृतपणे थांबवली, पण लपूनछपून मारणं युद्ध संपेपर्यंत चालूच राहिलं हे पण सांगायला हवं, नाहीतर गोष्ट उगाच गोड होते.

बिशपचा हा युक्तिवाद कुणालाही कळण्यासारखा आहे, त्याला ख्रिस्ती असायची गरज नाही. पण त्याच्या खाली जो पाया आहे तो प्रतिरूपाचाच. किंमत कामावर ठरवली की ती कमी-जास्त होणार, कधीतरी शून्य पण होणार. किंमत मालकावरून ठरत असेल तर आजीची किंमत ती घर चालवत होती तेव्हा जेवढी, तेवढीच चमचा न कळण्याच्या दिवशी. फादर मला म्हणाले, "बेटा, आजी तुला विसरली हे खरं. पण तिला कुणी विसरलेलं नाही ना. तिची ओळख तिच्या मेंदूत ठेवलेली असती तर गोष्ट वेगळी." मी दोन दिवस या वाक्यावर अडकून होते.

इथे एक मोठा गैरसमज होतो. जीव पवित्र म्हणजे काहीही करून, कितीही मशिनं लावून, शेवटच्या श्वासापर्यंत ओढायचाच? नाही. उलट ख्रिस्ती विचारात जगणं ही सगळ्यात मोठी गोष्ट नाहीचे, तसं असतं तर सगळे हुतात्मे मूर्ख ठरले असते आणि खुद्द येशू पण. त्याच १९४१ च्या जुलैअखेरीस आउशविट्झच्या छळछावणीत मॅक्सिमिलियन कोल्बे नावाच्या पोलिश धर्मगुरूने, उपाशी मारायला निवडलेल्या एका बायकामुलं असलेल्या कैद्याच्या जागी स्वतः जायला पुढे पाऊल टाकलं. ते तिथेच मरण पावले. तो वाचलेला माणूस १९९५ पर्यंत जगला. तेव्हा फरक असा की जीव देणं आणि जीव घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण मालक नाही तर राखणदार आहोत, राखणदाराने वस्तू फोडायची पण नसते आणि मालक मागायला आला की मुठीत आवळून पण धरायची नसते.

आजीला न्यूमोनिया झाला तेव्हा हे आम्हाला प्रत्यक्ष भोगावं लागलं. डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का, लावला तर कदाचित काढता येणार नाही. बाबा नुसते भिंतीकडे बघत राहिले. मला वाटत होतं 'नको' म्हणणं म्हणजे आपणच तिला मारणं. पाळकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले की हा प्रश्न खूप जुना आहे आणि याला उत्तर आहे. १९५७ मध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोप पायस बारावे यांना हेच विचारलं होतं, श्वासाची मशिनं तेव्हा नवीन होती. पोप म्हणाले की साधे, नेहमीचे उपचार करणं आपलं कर्तव्य आहे, पण पेशंटवर आणि घरच्यांवर फार मोठं ओझं टाकणारे, असाधारण उपाय करायलाच पाहिजेत असं बंधन नाही. त्याच वर्षी त्यांनी दुखणं थांबवायच्या औषधाबद्दलही सांगितलं, की हेतू वेदना कमी करायचा असेल तर त्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरी ते चालतं. आमचे पाळक प्रोटेस्टंट आहेत बरं का, तरी पोपचं सांगितलं, म्हणाले या बाबतीत आमचं त्यांचं फारसं वेगळं नाही.

म्हणजे रेघ कुठे आहे? आजार माणसाला नेतोय आणि आपण हात जोडून बाजूला झालो, हे एक. आपण इंजेक्शन देऊन त्याला संपवलं, हे दुसरं. मरण दोन्हीकडे आहे, पण पहिल्यात आपण मरण मान्य करतो आणि दुसऱ्यात आपण ते घडवतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्च दुसऱ्याला म्हणजे इच्छामरणाला नाहीच म्हणतात. लोक म्हणतात की मग काय तडफडत ठेवायचं? इथे सिसिली सॉन्डर्सचं नाव घ्यायलाच हवं. ही इंग्लिश बाई आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग खास याच कामासाठी डॉक्टर झाली. श्रद्धावान ख्रिस्ती. १९६७ मध्ये तिने लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, जिथे बरं होणार नाही हे माहीत असलेल्या माणसांचं दुखणं नीट मोजून, वेळेवर औषध देऊन आटोक्यात ठेवायचं आणि दुखणं म्हणजे फक्त शरीराचं नाही, मनाचं, घरचं, देवाशी असलेल्या भांडणाचं पण, असं धरायचं. आधुनिक हॉस्पिसची चळवळ तिथून निघाली. मला हे 'नाही' म्हणणाऱ्यांचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं.

पण सगळं इतकं स्वच्छ नाहीये. नळीतून अन्न द्यायचं की नाही हे घ्या. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की अन्न-पाणी हे नळीने दिलं तरी तत्त्वतः साधी काळजीच आहे, उपचार नाही, त्यामुळे ते द्यायला हवं. बऱ्याच ख्रिस्ती डॉक्टरांना आणि विचारवंतांना हे पटत नाही. आम्ही नळी घातली होती आणि आजी ती ओढून काढायची, दोनदा तिचे हात बांधायची वेळ आली, आणि ते बांधलेले हात आठवले की मला आजही नक्की सांगता येत नाही की आम्ही बरोबर केलं की नाही.

गर्भातल्या बाळाबद्दल बोलायचं टाळणार होते, पण टाळलं तर हा लेख अर्धवट. स्तोत्र १३९ मध्ये कवी म्हणतो की आईच्या उदरात तूच मला घडवलंस, यिर्मया संदेष्ट्याला देव सांगतो की मी तुला उदरात घडवण्याआधीच ओळखत होतो, लूकच्या शुभवर्तमानात मरीया भेटायला येते तेव्हा अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. यावरून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च गर्भधारणेपासूनच जीव पूर्ण मानाचा धरतात. प्रोटेस्टंट मंडळींमध्ये फाटाफूट आहे, काही तितकेच ठाम, काही आईच्या जिवाला धोका, बलात्कार अशा वेळी वाट ठेवणारे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात मारामारीत गरोदर बाईला धक्का लागतो त्याचा एक नियम आहे, त्याचा अर्थ गर्भपात झाला असा घ्यायचा की बाळ आधी जन्मलं असा, यावर अजून वाद आहे. अक्वायनस तर अ‍ॅरिस्टॉटलला धरून मानायचा की माणसाचा आत्मा गर्भात नंतर येतो, आणि तरीही तो गर्भपाताला पापच म्हणायचा. माझं मत विचाराल तर, ते बाळ 'कुणी' आहे असंच मी मानते, पण घाबरलेल्या पोरीला एकटीला दारात उभी करून तिला वचनं ऐकवणाऱ्यांबरोबर मला उभं राहायचं नाही. हिलॅरिऑनच्या पत्रात अ‍ॅलिसला काय वाटलं ते आपल्याला कधीच कळलं नाही, तिचं उत्तर सापडलेलं नाही.

आत्महत्येबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. ऑगस्टीनपासून चर्चने याला नाहीच म्हटलंय, कारण तेच, जीव आपल्या मालकीचा नाही. पण यातून चर्चने फार क्रूरपणा केला. कॅथलिकांच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नव्हतं. १९८३ च्या नव्या कायद्यातून ते गेलं, आणि १९९२ च्या शिकवणीच्या पुस्तकात लिहिलंय की मनाचा गंभीर आजार, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. तुमच्या घरात असं घडलं असेल आणि कुणी तुम्हाला नरकाच्या गोष्टी सांगितल्या असतील तर त्या माणसाला हे दाखवा. आणि तुमच्याच मनात तसे विचार येत असतील तर हा लेख राहू दे, आत्ता कुणाला तरी फोन करा, डॉक्टरला, मित्राला, कुणालाही.

फाशीबद्दल २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक शिकवण बदलून घेतली, आता ती कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही म्हणतात, कारण गुन्हेगाराची प्रतिष्ठा मोठ्यात मोठ्या गुन्ह्यानंतरही जात नाही. काइनवरची ती खूण! गंमत म्हणजे व्हॅटिकनच्या स्वतःच्या कायद्यात १९६९ पर्यंत मृत्युदंड होता. बऱ्याच प्रोटेस्टंटांना मात्र नोहाचं वचन जास्त वजनदार वाटतं. युद्धाचंही तसंच, क्वेकर आणि मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ परंपरेने कुठल्याच लढाईत शस्त्र उचलत नाहीत, बाकीचे ऑगस्टीनच्या मागे जाऊन म्हणतात की निष्पापाला वाचवायला कधीकधी लढावं लागतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वा, मग ख्रिस्ती लोकांचा इतिहास तर धुतल्या तांदळासारखा असेल. छे! १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगर-ख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करायची लेखी परवानगी दिली. १५३७ मध्ये दुसरे पोप, पॉल तिसरे, म्हणाले की अमेरिकेतले मूळ रहिवासी खरीखुरी माणसं आहेत, त्यांना गुलाम करू नका. म्हणजे हे सांगायची पाळी आली होती! १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात चक्क यावर सभा भरली, एका बाजूला सेपुल्वेदा नावाचा विद्वान, म्हणे हे लोक जन्मतःच दास व्हायच्या लायकीचे, दुसऱ्या बाजूला बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू त्यांची बाजू लढवतोय. दोघेही ख्रिस्ती, दोघांच्या हातात बायबल तेच. आणि लास कासास पण पूर्ण स्वच्छ नव्हता, तरुणपणी त्यानेच आफ्रिकेतून गुलाम आणा असं सुचवलं होतं, ज्याचा त्याला नंतर जन्मभर पश्चात्ताप झाला.

आणि वाईट याचं वाटतं की उत्तर माहीत नव्हतं असं नाही. बाराशे वर्षं आधी, चौथ्या शतकात, बेसिलच्या धाकट्या भावाने, निसाच्या ग्रेगरीने, उपदेशात गुलाम विकत घेणाऱ्यांना विचारलेलं होतं, की देवाच्या प्रतिरूपाची किंमत तू किती नाण्यांत लावलीस? देवाने ज्याला सगळ्या पृथ्वीवर अधिकार दिला त्याला विकणारा कोण आणि विकत घेणारा कोण? समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन गुलाम सोडले असतील देव जाणे.

व्हेंटिलेटरला आम्ही नाही म्हणालो. आजीला ऑक्सिजन आणि दुखायची औषधं देऊन घरी आणलं, ती नऊ दिवस होती. सातव्या दिवशी दादा आला. मी हे सगळं वाचलेलं त्याला सांगायला तयारच होते, अँटिओक, नाणं, गालेन, सगळं तोंडपाठ. पण आत्याच्या हाताला त्या दिवशी चटका बसला होता, तिने काही न बोलता फणी त्याच्या हातात दिली. त्याने आयुष्यात कधी कुणाचे केस विंचरले नसावेत, त्याने आजीचं डोकं एका हाताने धरलं, फणी अगदी हलकी, घाबरत घाबरत फिरवली, आणि भांग असा काही वाकडा पाडला की आत्याला राहवेना. "अरे सरळ पाड, तिला वाकडा आवडत नाही," ती म्हणाली. आणि दादाने केस परत मागे घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.